ठासणीची पहिली बंदूक: हरणाच्या मोसमाआधी काय बघावं

मालवणकडच्या आमच्या घरात, माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी अशी एक ठासणीची बंदूक असायची. शेती संरक्षणाचा परवाना आजोबांच्या नावावर होता. बागेत वानरं उतरली की ते नळीत दारू ओतत, वर काथ्याचा बोळा टाकत, गजाने दोनचारदा ठासत, केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवत आणि बार काढत. गोळीबिळी काही नाही. नुसत्या आवाजाने काम व्हायचं. अशी बंदूक जगात आता फक्त कोकणातच उरली असणार, असं मला त्या वयात वाटायचं.

पुढे नोकरीसाठी पेनसिल्व्हेनियात आलो आणि शेजाऱ्याच्या गॅरेजात तिचीच थोरली बहीण दिसली. लांबलचक नळी, अक्रोडाचा दस्ता, बाजूला घोडा आणि घोड्याच्या जबड्यात चकमकीची गार. नाताळ झाला की हा गृहस्थ ती घेऊन बर्फातून हरणाच्या मागे जातो. इथे तिला मझललोडर म्हणतात, म्हणजे तोंडाकडून भरायची. आपला ‘ठासणीची’ हा शब्द मला जास्त नेमका वाटतो, कारण बाराचं सगळं भलंबुरं त्या ठासण्यावर ठरतं. गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या दोनतीन जणांनी ‘पहिली कुठली घेऊ?’ म्हणून विचारलं. दरवेळी फोनवर तासभर जातो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौसेची शिकार बंद आहे आणि ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. तेव्हा इथून पुढचं सगळं अमेरिकेपुरतं.

दुकानात जाण्याआधी आपल्या राज्याची शिकारीची नियमपुस्तिका वाचा. मी हे उलट्या क्रमाने केलं. सेल लागला होता, काळी कुळकुळीत, दुर्बीण लावलेली एक ‘इनलाइन’, म्हणजे आधुनिक घाटणीची, बंदूक घेऊन आलो आणि डिसेंबरात शेजाऱ्याला मोठ्या ऐटीत दाखवली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, ‘हिची गार कुठेय?’ पेनसिल्व्हेनियात नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जो ठासणीचा मोसम चालतो, तो १९७४ पासून फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी राखलेला आहे. माझी नवी बंदूक चालणार होती ती ऑक्टोबरातल्या छोट्या मोसमाला, आणि तो तर उलटून गेला होता. ते वर्ष मी बंदुकीला तेल पुसण्यात घालवलं.

इथे शिकार हा राज्यांचा विषय आहे. धनुष्यबाणाला काही आठवडे, काडतुसाच्या रायफलीला काही, ठासणीच्या बंदुकीला काही, अशी वाटणी असते. ठासणीकडे लोक वळतात त्याचं एक साधं कारण म्हणजे रानात जायला जास्तीचे दिवस मिळतात आणि तेव्हा गर्दीही कमी असते. पण ‘ठासणीची’ कशाला म्हणायचं, यावर प्रत्येक राज्याचं मत वेगळं. कोलोरॅडोत ठासणीच्या मोसमात दुर्बीण चालत नाही, दारूच्या तयार वड्या चालत नाहीत आणि गोळीभोवतीचं प्लास्टिकचं वेष्टणही चालत नाही. आयडाहोत आधुनिक प्रायमरलाच, म्हणजे दारू पेटवणाऱ्या नव्या टोपीलाच, मनाई आहे. पूर्वेकडची बरीच राज्यं मात्र पुष्कळ सैल आहेत. त्यामुळे टेक्सासातल्या मित्राने सुचवलेली बंदूक तुमच्या राज्यात निरुपयोगी ठरू शकते.

कायद्याचा आणखी एक पैलू आहे. १९६८ च्या संघीय कायद्याप्रमाणे नुसत्या काळ्या दारूवर चालणारी, काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक साधारणपणे ‘फायरआर्म’ या व्याख्येतच येत नाही, ती ‘अँटीक’ ठरते. म्हणून पुष्कळ राज्यांत ती टपालाने थेट घरी येते. पण जिथे मराठी कुटुंबं भरपूर आहेत त्या न्यू जर्सीत तिच्यासाठीही बंदुकीचं ओळखपत्र काढावं लागतं. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर जास्तच जपून. काडतुसाच्या बंदुकीबाबत संघीय कायदा अशा माणसाला अडवतो, आणि वैध शिकार परवाना ही त्यातली एक सवलत आहे. राज्याचा कायदा वेगळा बघायचा, आणि शंका असेल तर वकिलाला विचारायचं, दुकानदाराला नव्हे.

आता बंदुकीकडे वळू. ठिणगी दारूपर्यंत कशी पोचते, एवढ्यावरून ठासणीच्या बंदुकांची तीन घराणी पडतात.

सर्वांत जुनं घराणं चकमकीचं. चाप ओढला की घोडा पुढे पडतो, त्याच्या जबड्यातली गार पोलादाच्या उभ्या पट्टीवर घासते, पट्टी पुढे उलटते आणि ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकेवर, म्हणजे बारीक दारूच्या चिमटीवर, पडतात. रंजक भडकते, तिची ज्वाळा नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, म्हणजे बंदुकीच्या कानातून, आत शिरते आणि मग बार होतो. हे सगळं सेकंदाच्या लहानशा अंशात घडतं, पण तेवढ्यातही माणूस दचकतो. डोळ्यांसमोर भपकन जाळ होतो आणि नेम धरलेला हात तिथेच स्थिर ठेवायचा असतो. हे अंगवळणी पडायला काही महिने जातात. शिवाय गार बोथट झाली, रंजकेला दमट हवा लागली किंवा कान काजळीने बुजला की वाटीत नुसता भपका आणि आत सगळं थंड. आपल्याकडे ‘फुसका बार’ म्हणतात तो मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काढला तो असा. पंचवीस पावलांवर हरीण उभं होतं. वाटीतल्या धुराकडे त्याने मान वळवून पाहिलं आणि सावकाश चालत निघून गेलं.

दुसरं घराणं केपेचं, म्हणजे आजोबांच्या बंदुकीचं. तांब्याची इवलीशी टोपी, तिच्यात आघाताने पेटणारा मसाला. घोडा टोपीवर आदळतो आणि ज्वाळा पोकळ दांडीतून आत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिने गारेला मागे सारलं ते उगीच नाही. पावसात ती जास्त भरवशाची, आणि चाप ओढल्यापासून बार होईपर्यंतचा वेळही कमी. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या रायफली याच काळातल्या. आज दुकानात ‘हॉकेन’ नावाने जे मिळतं, ते त्यांच्या घाटणीवर केलेलं नवं काम असतं.

तिसरं घराणं इनलाइन. १९८५ मध्ये टोनी नाइट या मिसुरीतल्या बंदूक कारागिराने एमके-८५ नावाची बंदूक आणली आणि तिथून ही लाट आली. यात प्रायमर बाजूला नसतो, दारूच्या बरोबर पाठीमागे, एका रेषेत असतो. आजच्या बहुतेक इनलाइनांत बारा बोअरच्या काडतुसात असतो तोच २०९ नंबरचा प्रायमर बसतो. ज्वाळा दणकट आणि सरळ, त्यामुळे बार सहसा चुकत नाही. नळीच्या मागच्या टोकाला बुचासारखा स्क्रू असतो, तो काढला की नळी आरपार साफ करता येते. नवख्याला इनलाइन सर्वांत सोपी, यात वाद नाही. वाद आहे तो हिला ठासणीची म्हणावं की नाही याचा, आणि त्या वादात मी पडत नाही. हरणाला दोन्हींतला फरक कळत नाही.

पुढचा प्रश्न व्यासाचा आणि पिळाचा. व्यासावर फार वेळ घालवू नका. हरणासाठी .५० कॅलिबर, म्हणजे अर्धा इंच, घ्यावी. गोळ्या, गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्या, साफसफाईचं सामान, सगळं या मापात हमखास मिळतं. .५४ चांगलीच आहे आणि .४५ लाही तिचे भक्त आहेत, पण ते पुढच्या बंदुकीसाठी ठेवा.

पीळ मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण दुकानात याबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. रायफलीच्या नळीत आतून पेचदार चर कोरलेले असतात आणि त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. किती वेगाने फिरेल ते पीळ ठरवतो. ६६ इंचांत एक फेरा म्हणजे सावकाश पीळ, २८ इंचांत एक म्हणजे कडक. लगोरीचा चेंडू कसाही भिरकावला तरी चेंडूच राहतो, पण विटी हवेत कोलांट्या खाते. गोल गोळीचं चेंडूसारखं आहे, तिला थोडी फिरकी पुरते. उलट कडक पिळात तिच्याभोवतीची चिंधी चरांवरून घसरते आणि नेम बिघडतो. लांबोळी गोळी विटीसारखी, तिला सरळ ठेवायची तर भरपूर फिरकी लागते. म्हणून गोल गोळी मारायची असेल तर ६० ते ७० च्या आसपासचा पीळ बघा, आणि लांबोळी किंवा प्लास्टिकच्या वेष्टणातली मारायची असेल तर २८ च्या आसपासचा. ४८ हा मधला तोडगा. दोन्ही चालतात, पण कुठलीच अगदी छान नाही.

आता चिंधी कशाला, हे सांगायला १८५७ मध्ये जावं लागेल. चरबी लावलेली काडतुसं शाळेत सगळ्यांनी वाचलीत, पण ती चरबी तिथे होतीच कशाला, हे मला तरी कुणी शिकवलं नव्हतं. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड ही ठासणीचीच रायफल. तिचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी, आत मोजलेली दारू आणि शिशाची गोळी. शिपायाने पुडीचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि कागदात गुंडाळलेली गोळी गजाने खाली ठासायची. काळी दारू जळली की नळीत घट्ट काजळी धरते. चारसहा बारांनंतर पुढची गोळी आत उतरेनाशी होते. कागदाला वंगण असलं तर गोळी सरकते आणि काजळी मऊ राहते. चरबी होती ती या कामाला. ती कुठल्या जनावराची, यावरून पुढे काय पेटलं ते आपल्याला माहीत आहेच.

गोल गोळीला त्या कागदाचं काम सुती चिंधी करते. .५० च्या नळीसाठी गोळी घेतात .४९० इंचांची, आणि चिंधी साधारण .०१५ जाडीची. दोन्ही बाजूंची चिंधी धरून बेरीज .५२० होते, म्हणजे नळीपेक्षा जास्त. हे जास्तीचं कापड चरांत दाबलं जातं आणि तेच गोळीला फिरवतं. गोळी स्वतः चरांना शिवतही नाही. चिंधीला वंगण लागतंच. मी मेण आणि ऑलिव्हचं तेल एकत्र वितळवून घरीच करतो. बायकोला ते एकदा ओठांना लावायचं मलम वाटलं होतं.

दारूबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आधुनिक काडतुसांत असते ती बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही, चिमूटभरसुद्धा, घालायची नाही. तिचा दाब या नळ्यांना झेपत नाही, नळी फुटते आणि बोटं जातात. खास त्यासाठी बांधलेल्या मोजक्या बंदुका आहेत, पण पहिल्या बंदुकीच्या गप्पांत त्यांचं नावही नको. आपल्याला हवी काळी दारू, म्हणजे साधारण पंचाहत्तर टक्के सोरा, पंधरा टक्के कोळसा आणि दहा टक्के गंधक, किंवा तिच्या जागी वापरायची पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हनसारखी पर्यायी दारू. पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता मागते. केप आणि प्रायमर ती देतात, गारेची ठिणगी सहसा कमी पडते. म्हणून चकमकीची घेणार असाल तर जवळपास खरी काळी दारू कोण विकतं याची चौकशी आधी करा. ती स्फोटक म्हणून गणली जाते, तिचा साठा करायचे नियम कडक आहेत आणि पुष्कळ दुकानं ती ठेवतच नाहीत. मला पहिला डबा आणायला जायला-यायला दीड तास मोडला होता.

दारू आकारमानाने मोजतात, पितळी मापाने, दूधवाल्याच्या मापासारखं. .५० ला गोल गोळीमागे ७० ते ९० ग्रेन (दारू मोजायचं छोटं एकक) मापाची दारू हरणाला भरपूर होते. तरी आधी बंदुकीसोबत आलेल्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा बघा आणि तिच्याखालून सुरुवात करा. दारू डब्यातून किंवा दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत ओतायची नाही. आधीच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत असला तर हातातला अख्खा डबा उडेल. आधी मापात, मग नळीत. आणि गोळी दारूवर टेकेपर्यंत खाली गेली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. यासाठी गजावर खूण करतात. नळी रिकामी असताना गज आत सोडून तोंडाशी एक रेघ, नेहमीचा बार भरून झाल्यावर दुसरी रेघ. पुढे रानात काळोखात भरतानाही बोटाने चाचपून कळतं.

ही खूण किती कामाची, ते मला एका शनिवारी चांदमारीच्या मैदानावर कळलं. गप्पांच्या नादात मी चिंधी ठेवली, गोळी ठेवली, जोर लावून खाली ठासली. गज दुसऱ्या रेघेच्याही खाली गेला. शेजारच्या म्हाताऱ्याने न बघताच विचारलं, ‘दारू घातलीस?’ नव्हती घातली. इथे हे प्रत्येकाचं एकदा होतं आणि ज्याचं झालं नाही तो खोटं बोलतो. मग कानातून थोडी थोडी दारू आत सरकवली, गोळी पुन्हा गजाने टेकवून घेतली, गज बाहेर काढला, रंजक भरली आणि मातीच्या बांधाकडे धरून गोळी काढून टाकली. तोवर आसपासच्या सगळ्यांनी चहा पिऊन घेतला होता. चाप ओढूनही बार झाला नाही तर मात्र घाई नको. नळी निशाण्याकडेच धरून निदान एक मिनिट थांबायचं. कधीकधी दारू उशिरा पेटते.

अंगाला बसते का, हे दुकानात खांद्याला लावूनच कळतं. लांब नळीच्या बंदुकीचा तोल पुढे असतो, नेम छान धरला जातो, पण झुडपातून चालताना ती प्रत्येक फांदीला अडकते. डावखुऱ्यांनी चकमकीची घेताना डाव्या बाजूची कळ, म्हणजे घोडा, गार आणि पट्टीची यंत्रणा, मागून घ्यावी, नाहीतर रंजकेचा जाळ तोंडापुढेच उडतो. डोळ्यांना चष्मा तर हवाच, मग हात उजवा असो की डावा.

टप्प्याबद्दल जाहिराती काहीही म्हणोत. साध्या नेमकाट्यावर गोल गोळीने मी पाऊणशे यार्डांपलीकडे मारत नाही. चांगली इनलाइन, दुर्बीण आणि भरपूर सराव असेल तर दीडशे. बार एकच असतो, पुन्हा भरायला अर्धं ते एक मिनिट लागतं आणि काळ्या दारूचा पांढरा ढग समोर असा उभा राहतो की हरीण पडलं की पळालं ते कळत नाही. मी बार झाला की लगेच खाली वाकून धुराच्या पोटाखालून बघतो. जनावराला जखमी करून सोडण्यापेक्षा चाप न ओढता घरी आलेलं बरं.

खरं तर निवड या प्रश्नावर येऊन थांबते: दमून, कुडकुडत घरी आल्यावर, त्याच रात्री, तुम्ही बंदूक धुणार का? काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते आणि दोनतीन दिवसांत नळीला आतून गंज धरतो. चकमकीची आणि केपेची नळी साधारणपणे तोंडाकडूनच धुवावी लागते. कढत पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, गजाला फडकं गुंडाळून खालीवर, काळं पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कोरडं फडकं, मग तेल. अर्धा तास जातो आणि घरभर कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. इनलाइनचं बूच काढलं की काम निम्मं होतं, पण बुचाच्या आट्यांना दरवेळी ग्रीस लावायचं, नाहीतर ते कायमचं जाम होतं.

तेव्हा माझा सल्ला असा. तुमच्या राज्यात चालत असेल आणि तुम्हाला मुख्यत्वे घरात हरणाचं मांस यावं एवढंच हवं असेल, तर .५० ची, मधून मोडून उघडणारी साधी इनलाइन घ्या, महागडी नको. उरलेल्या पैशांत दारू, गोळ्या आणि प्रायमर आणून मोसमाआधी पन्नास बार मारा. भरण्याची, धुण्याची, वंगण करण्याचीच गोडी वाटत असेल तर .५० ची केपेची, सावकाश पिळाची. आणि पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर बर्फात जायचं असेल तर चकमकीला पर्याय नाही, पण तिथेही अगदी स्वस्तातली टाळा. गारेच्या बंदुकीत पैसा कळीला जातो, आणि कळ मवाळ असली की ठिणगीही मवाळ पडते. माझी सेलमधली इनलाइन अजून आहे. ऑक्टोबरात मीही तीच नेतो.

जुनी बंदूक मिळत असेल तर जरूर बघा, इथे लोकांच्या तळघरांत चांगल्या चांगल्या पडलेल्या असतात. नळीत बारीक टॉर्च सोडून गंजाचे खड्डे बघायचे, घोडा अर्ध्यावर ओढून चाप दाबल्यावर पडत नाही ना ते बघायचं. पण त्याआधी, हातात घेतल्याबरोबर, नळीचं तोंड कुणाकडेही न वळवता गज आत सोडायचा, तोंडाशी चिमटीत धरायचा आणि बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून मोजायचा, आत जुना बार भरलेला नाही ना हे कळायला. गेल्या हिवाळ्यात एका घरी अशीच एक केपेची बंदूक बघायला गेलो होतो. मालकाच्या वडिलांची, वीसेक वर्षं शेकोटीवर टांगलेली, घरातली नातवंडं तिला हात लावून मोठी झालेली. गज कानाच्या चार बोटं अलीकडेच थांबला. मी मालकाकडे बघितलं, त्याने गजाकडे, आणि मग आम्ही दोघांनी मिळून ती बंदूक फार हळू टेबलावर ठेवली, तोंड भिंतीकडे करून.